आई मधल्या खुर्चीत होती

मंगळवार, संध्याकाळ

आज रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईसमोरच माझ्या मोठ्या भावाला विचारलं, "कॅन्सर फार पसरलाय. केमोने फरक पडेलच असं नाही. तरी द्यायची का?" आई आम्हा दोघांच्या मधल्या खुर्चीत होती. दादाने लगेच सही केली. आणि मी? तिची फाईल मांडीवर धरून बसले.

ऑटोत आई म्हणाली, "मले नाही पायजे वं ते औषध. मले भिवापूरले घरी ने."

"मग तिथं काहून नाही बोलली?"

"मले कोनी विचारलं?"

मधल्या खुर्चीत होती ती! बाबा गेल्यावर शेती एकटीने पाहिली, आमची लग्नं तिनेच ठरवली. आज तिच्याच शरीराबद्दल तिचं मत कोणालाच नको होतं.

माझ्या घरी येऊन दादाला फोन केला. म्हणाला, "तिले काय समजते? लोक म्हणतील, पोरानं इलाज सोडला." म्हणजे ही केमो लोकांसाठी.

उद्या तिला परत नेणार आहे. बोलणार तीच. तसं तिला सांगितलं.

"दादाचं सोड. तू काहून गप्प होती?"