सगळं शहर ऐकत असतं

मांगेरे, ऑकलंड

धाकटे लेपेका, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मी धडधाकट आहे. इथला टॅरोचा कंद आपल्या सामोआतल्यापुढे बेचव.

नातू सेमिसी रोज सकाळी रेडिओवर सामोअन आणि इंग्रजीत लोकांना हसवतो. मधेच मला फोन लावतो.

"आजी, आज कुणाला झोडणार?"

"तुलाच, मेल्या! लग्नाआधीच टक्कल पडलं तुला!"

सगळं शहर खिदळतं. मग गाणं लागतं नि फोन बंद. दिवसभर दुसरा फोन येत नाही.

परवा न्हाणीत पडले. सकाळी त्यानं विचारलं, "कशी आहेस?" शहर ऐकत होतं. म्हटलं, "तुला पुरून उरेन!" तो पोट धरून हसला.

त्याला काही कळवू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? लांबलचक लिही, पत्रात मधे गाणं लागत नाही.

तुझी,
फेतुआओ