साळूबाईंची वेणी

प्रिय दादा,

चर्चच्या महिला मंडळानं मला शेजारच्या साळूबाईंची रोज वेणी घालायचं काम दिलं, तेव्हा "एवढीच का सेवा?" म्हणून तू हसलास. साळूबाई अंथरुणाला खिळल्यात. छातीतली गाठ त्यांनी फार उशिरा दाखवली.

महिनाभरापासून माझ्याही छातीत गाठ आहे. देवानं सांगितलेलं काम म्हणून जाते, पण त्यांच्याकडे बघायची भीती वाटते.

आज त्या म्हणाल्या, "माझ्याकडं का बघत न्हाईस गं?"

माझ्या गाठीचं पहिल्यांदाच कुणालातरी सांगितलं.

त्या कशाबशा उठून बसल्या. "फणी आण हिकडं. असल्या इस्कटल्या केसांनी दवाखान्यात जाती व्हय?"

त्यांनी घातलेली माझी वेणी वाकडी झाली आहे. ती न सोडता उद्या मिरजेला तपासायला जाते.

हे पत्र मात्र रिपोर्ट येईपर्यंत बायबलमध्येच राहील.

तुझी घाबरट,
आश्रिता