रिकामी मज्जा

आई, तुझ्या आजाराचं कारण शेवटी मी बाबांना सांगितलं. इतकी वर्षं मी रक्ताच्या आजारांचीच डॉक्टर आहे, पण त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. परवा जेवताना त्यांनी सहज म्हटलं, "आज दवाखान्यात काय झालं?" आणि मी बाजारहत्नूरच्या एका बाईबद्दल बोलायला लागले.

तिला तुझाच आजार होता. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, चार पावलं चाललं की धाप. मी दहावीत असताना तुझं असंच सुरू झालं. इचोड्याच्या शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता तू खाली बसलीस. नागपूरच्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून तपासलं आणि म्हणाले, मज्जा रिकामी आहे, रक्त बनत नाही. रिकामी म्हटल्यावर बाबांनी ती भरायला घेतली. पालक झाला, बीट झालं, खजूर झाला, मग कोणीतरी बकऱ्याची कलेजी सांगितली. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. बाबा तहसील ऑफिसातून येताना कलेजी आणत आणि मागच्या अंगणात स्टोव्हवर स्वतः शिजवत. मला अजून दिसतं, ते नाकाला रुमाल बांधून उकिडवे बसलेत, तू भिंतीला टेकून ताटली हातात धरली आहेस. वासानं मी तोंड फिरवते, तर तू म्हणतेस, "तोंड वाकडं नोको करू. तुह्या बाबानं रांधलं हाय." आणि एकेक तुकडा पाण्याबरोबर गिळतेस. पावसाळा संपायच्या आत तू गेलीस.

बाबांना मी सोपं करून सांगितलं. रक्तात आपली राखण करणाऱ्या पेशी असतात. ताप आला की त्या मज्जेला निरोप धाडतात, रक्त वाढव म्हणून, आणि मज्जेतल्या मूळ पेशी कामाला लागतात. ताप गेला की निरोप थांबायला हवा. तुझ्या अंगातल्या त्या पेशी बिथरल्या, निरोप थांबलाच नाही, आणि अति झालं की त्याच निरोपानं मूळ पेशी वाढायच्या थांबतात, मरून जातात. बाजारहत्नूरच्या बाईला हैदराबादला या राखणदार पेशींनाच दाबणारी औषधं दिली. पुढच्या तपासण्या माझ्याकडे आहेत. तिची मज्जा हळूहळू भरते आहे.

बाबा भात कालवत होते.

"म्हंजे खाण्यानं काई होत नव्हतं?"

"नाही."

"मंग ते मी तिले काऊन खाऊ घातलं? जल्मात शिवलं नव्हतं तिनं."

ही औषधं तेव्हा आपल्याला कुठून मिळणार होती, असं काहीतरी मी बोलले. ते म्हणाले, "एक डाव बी नाई म्हटलं नाई तिनं, माय." मग त्यांनी उठून हात धुतले आणि बातम्या लावल्या. ते रडतील असं मला वाटलं होतं. ते रडले नाहीत, मीही नाही. सकाळी त्यांनी नेहमीसारखा चहा करून दिला, आणि कप ठेवता ठेवता विचारलं, "त्या बाईले काय खायाले सांगतलं तू?"

"घरचं. ताजं शिजवलेलं."

"बरं," म्हणाले.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. त्या बाईबरोबर तिची मुलगी आली होती, इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे. रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर तिनं आईच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला आणि मला विचारलं, "मॅडम, आता आई बरी हाय ना?" मी हो म्हटलं, गोळ्या लिहून दिल्या. मला आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. त्या दोघी दारातून बाहेर गेल्यावर जे वाटलं, तो त्या पोरीचा हेवा होता. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिलं.