बाहुली नव्हे

गुरुवार, अजमान

प्रदर्शनाच्या पाट्यांवरून आज ऑफिसात वाद झाला. वीतभर लाकडी मूर्ती, चेहरा पार झिजलेला. मॅनेजरनी लिहिलं होतं, ‘आफ्रिकन ट्रायबल बाहुली’. माझी सहकारी फोलाके स्वतः योरुबा. ती शांतपणे म्हणाली, "ट्रायबल नको. ‘योरुबा, नैर्ऋत्य नायजेरिया’ असं लिहा. आणि ही बाहुली नाही. जुळ्यांतलं एक गेलं की त्याची अशी मूर्ती करतात. आई तिला न्हाऊ घालते, भरवते."

म्हणजे चेहरा त्यानं झिजला.

मॅनेजर म्हणाले, "योरुबा लिहू. बाहुली राहू दे, लोकांना पटकन कळतं. खलास."

नंतर मी फोलाकेला विचारलं, "आई त्या मूर्तीला काय म्हणते?"

"बाळाचं नाव असतं ना, तेच."

दिवसभर तो झिजलेला चेहराच डोळ्यांपुढे. माझ्याकडे तर हात फिरवायलाही काही नाही. इतकी वर्षं आम्ही दोघांनी नावसुद्धा कुठे घेतलं?

जेवताना अमितला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आपला ओम."

ईशानं वर पाहिलं. "मम्मा, हू इज ओम?"

अमितनं तिला जवळ घेतलं. "तुझा भाऊ. तुझ्याबरोबरच जन्मला होता."