मान वर करायची नाही

१२ मे, दुसरबीड
आत्याच्या घरी आलो. बरं वाटलं. दवाखान्याचा वास नाही, अंगणात लिंबाची गार सावली. उजव्या डोळ्यातला सुटलेला पडदा डॉक्टरांनी चिकटवलाय आणि आत गॅसचा बुडबुडा सोडलाय. त्यानं पडद्याला दाबून धरावं म्हणून मान खालीच ठेवायची. जेवताना, झोपताना, कायम. वर केली की पडदा सुटला, डोळा गेला. डाव्याला लहानपणापासून हातभरापलीकडे धूसर. म्हणजे खरा डोळा हा एकच.

कौशल्याआत्यानं बाजेच्या दोऱ्या सोडून माझ्या तोंडाएवढी खिडकी केली. पालथं पडायचं, फरशी बघायची. वही खाली ठेवून लिहितोय. आत्याचे मालक, कडूबामामा, शेडनेटमधून आले आणि म्हणाले, काऊन बे शेखर, जमिनीत धन शोधून राह्यला का? मी हसलो. किती दिवसांनी!

१३ मे
आता माणसं पायांवरून ओळखतो. आत्याच्या टाचांना भेगा. मामांच्या नखांत मिरचीच्या वाफ्यातली माती.

आत्यानं मोबाइल पेटीत टाकून कुलूप घातलं. डोळ्याले आराम पायजे म्हणे. मी काय खुळा आहे? बीबी गावात माझ्या छायाचं लग्न आहे, ते मला कळू नये म्हणून. तिच्या भावानं, अविनाशनं ठोसा मारला म्हणून तर पडदा सुटला. त्याचं नाक मी आधी फोडलं, ते वेगळं. तिची बस पकडता पकडता माझं कॉलेज सुटलं. पस्तावा नाही.

१५ मे
आज तिची हळद. डोकं भणभणतंय. उठून बीबी गाठावी आणि मांडव उपटावा. पण मान खाली. रडायलाही बंदी.

१६ मे
ती आली!

दुपारी आत्या मामांचा डबा घेऊन शेतात गेली होती. बाजेशी पाय येऊन थांबले. ओले, घोट्यापर्यंत हळद, करंगळीजवळ जुना चटका. छायाचेच. मांडव सोडून आली पोरगी! वर बघ ना, म्हणाली. मी म्हटलं, डोळा जाईल, थोडे दिवस थांब. मग काही ऐकू आलं नाही. फरशीवर पिवळं पाणी राहिलं. पायांच्या अंगठ्यांना दोरा होता. मांडवातला अडकला असेल घाईत.

आत्याला छाती फुगवून सांगितलं. तिच्या हातातलं ताट पडलं. फरशी पुसली, पुन्हा पुसली, उंबऱ्यावर मीठ टाकलं.

१७ मे
मामा ओसरीत आत्यावर चिडले. सांगून टाक म्हणे पोराले. आत्या म्हणाली, पडदा चिकटू द्या पह्यले, रडला तर डोळा जाईन त्याचा.

मी ओरडून विचारलं. मामांनी सांगितलं. हळद लागल्या अंगानं, ओल्या पायांनी तिनं कूलरला हात लावला. करंट होता. परवाच. हळदीतच नेली.

परवा. मग काल —

तो दोरा. बाबा गेले तेव्हा त्यांचेही अंगठे असेच एकमेकांना बांधले होते.

१८ मे
आत्या उशाशी बसून आहे. दुपारी तिला डुलकी लागली. पाय आले.

चालत नाहीत. दोन्ही एकदम सरकतात.

वर बघ, म्हणते. एकदाच. किती गोड म्हणते — नाही बघितलं. दात आवळून पडलो. एकच डोळा आहे ग छाया.

१९ मे
आत्या देवळात गेली. बाहेरून कडी.

पाय आलेत. मी सांगितलं, मान वर करणार नाही, मेलो तरी.

ती हसली. म्हणाली, नको करू रे. तुझा डोळा राहू दे. मीच येते.

पाय बाजेखाली सरकले — उताणी पडली आहे — घोटे गेले खिडकीखालून — गुडघे —

मान वर केली तर डोळा — नाही केली तर —

हिरवा चुडा. वही ओली झाली. डोळे मिटले तर गार बोट पापणी वर सारतंय —

गळा. हनुवटी. ओठ हलताहेत —

छाया, डोळे मिट, तुझे तरी मि