निवेदिताने दिलेला नकार

मी शरच्चंद्र नारायण मोहरील, वय ७६, रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त, राहणार शंकर नगर, रायपूर, माझ्या मिळकतीची व्यवस्था आज स्वखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांची तक्रार माझ्या प्रोस्टेटबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. बँकेतील ठेवी माझा मुलगा विहंग याला मिळाव्यात. पान्यांची पेटीही त्याचीच. ती वापरावी, शोभेला ठेवू नये.

२. स्कूटर धाकटा भाऊ देवीदास, राहणार अभनपूर, याला द्यावी. आजवर ती मागून न्यायची आणि टाकी रिकामी करून आणायची, हाच त्याचा रिवाज. आता पेट्रोल त्यानेच भरावे.

३. सून निवेदिता प्रयोगशाळेत प्रोस्टेट कॅन्सरसाठी कृत्रिम पेप्टाइड तयार करते. माळेत मणी ओवावा तसे एकेक अमिनो आम्ल जोडायचे, दर वेळी धुवायचे, आणि एक जरी नीट बसले नाही तर सगळे टाकून द्यायचे. एकदा बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. मी पेढे आणायला निघालो, तर म्हणाली, "थांबा बाबा, चांगल्या पेशीही मेल्या. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." दुसऱ्या सकाळी डबा घेऊन नेहमीसारखी कामावर गेली. मला तिचा फार अभिमान वाटतो.

४. माझा आजार हाडांपर्यंत गेल्यावर देवीदास सर्वांसमक्ष तिला म्हणाला, "घरचीच दवाई आहे, मग भाऊले काहून नाही देऊन राहिली?"

ती म्हणाली, "काका, ती दवाई नाही आहे अजून. बाबांवर नाही करून पाहणार मी."

ब्रेक तपासल्याशिवाय मी एकही वॅगन कारखान्याबाहेर सोडली नाही. मग तिने तरी का सोडावी? तरीही माझ्या तेरवीला "औषध असून सुनेनं दिलं नाही" असे कोणीतरी म्हणणारच. आपली माणसे मी ओळखतो. त्या वेळी विहंगने हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

५. राहिले शंकर नगरचे घर. काल दुखणे सहन होईना, तेव्हा मीच तिला म्हणालो, "मले तुझ्या त्या दवाईचं एक इंजेक्शन दे ना बेटा. कोणाले नाही सांगत." ती माझा हात धरून रडली आणि नाही म्हणाली. हे संपूर्ण घर मी निवेदिताच्या एकटीच्या नावे करतो.

वरील मजकूर माझाच असून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: शरच्चंद्र नारायण मोहरील

साक्षीदार:
१. धर्मपाल मेश्राम, शेजारी (सही)
२. डॉ. माया देशकर (सही)

रायपूर, १४ नोव्हेंबर २०२५