मागच्या खोलीचे दार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, एका मुलींच्या शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेली, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा थोरला मुलगा सगळ्यांत आधी तोच मागेल. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. या घरात दडपण असलेच तर ते माझे होते, आणि त्याबद्दल पुढे येईल. यापूर्वी मी कुणाला तोंडी काही कबूल केले असेल, तर ते गप्पांच्या भरात होते असे धरावे.

थोरल्याला पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचायची खोड आहे. म्हणून घराचा निर्णय मी शेवटच्या पानावर ठेवलेला नाही. बाळा, या वेळी मधलेही वाचावे लागेल.

१. माझे वारस दोन. थोरला, वय त्रेचाळीस, विमा कंपनीत अधिकारी, स्वतःचे चार खोल्यांचे घर असलेला. आणि धाकटी, वय एकोणचाळीस, चष्म्याच्या कारखान्यात काचा घासणारी, दुसऱ्या शहरात भाड्याच्या एका खोलीत राहणारी. बाकीचे सगळे नातेवाईक आहेत, वारस नाहीत. माझ्या नणंदेने हे वाक्य दोनदा वाचावे.

मिळकत म्हणजे मुख्यतः हे राहते घर. ते ह्यांच्या आणि माझ्या नावावर होते, ह्यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर झाले. मागच्या सुट्टीत थोरला एका गृहस्थांना घेऊन आला. "आई, हे माझे मित्र. इकडून जात होते, सहज आलेत." सहज आलेल्या मित्राच्या खिशात मोजायची फीत होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकला तेवढ्यात त्यांनी बैठकीची खोली मोजून घेतली. "या मधल्या भिंती गेल्या की जागा एकदम मोकळी होईल," मित्र म्हणाले. "हळू बोला, आई आत आहे," थोरला म्हणाला. आई आत होती, बहिरी नव्हती. चहात मी साखर घातली नाही आणि दोघांनीही तो "छान झालाय" म्हणून प्यायला.

२. ह्यांची हत्यारे. ही समजायची तर ह्यांचे हिवाळे समजले पाहिजेत. हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. वर्षभर कागदांवर शिक्के मारायचे आणि थंडी पडली की ह्यांचे हात शिवशिवायचे. शिल्लक राहिलेली सगळी रजा घेऊन घराला हात घालायचे. दर हिवाळ्यात एक काम. अडचण एवढीच की पुढची मोठी सुट्टी लागली की आम्ही तंबू घेऊन तळ्यावर जायचो, आणि तेव्हा काम जिथे असेल तिथे थांबायचे. फळ्या, दोऱ्या, हातोडी, कंदील, सगळे गाडीत. परत आल्यावर त्या कामाकडे कुणी वळून बघायचे नाही, कारण पुढच्या हिवाळ्यासाठी ह्यांच्या डोक्यात नवे काम आलेले असायचे. न्हाणीघरात फरश्यांच्या सात रांगा आहेत. आठवी रांग वर्तमानपत्रात बांधून माझ्या पलंगाखाली आहे. बैठकीतल्या फडताळाला एवढा उतार आहे की डावीकडे ठेवलेले पुस्तक आठवड्याभरात उजवीकडे पोहोचते. भिंतींवर ह्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या मी हे गेल्यापासून चार वर्षांत पुसलेल्या नाहीत आणि रंगाऱ्यालाही पुसू दिलेल्या नाहीत. ह्यांच्याबद्दल मी काहीही लिहिले तरी ते प्रेमाने वाचावे.

हत्यारे थोरल्याला. त्याने आयुष्यात एकच खिळा ठोकला, आणि तो आत्याच्या अंगठ्यावर. पेटी जड आहे. माणूस न पाठवता स्वतः येऊन न्यावी. पेटीत रंधा सापडणार नाही. तो मी सुतारमिस्त्रींना हयातीतच देऊन टाकला आहे, कारण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे वकीलबाईंनी बजावले.

३. तंबू. हा मी शिवला. जाड कापडाचा, सहा माणसांचा, दुहेरी शिवणीचा. कॉन्व्हेंटात शिवण शिकवणाऱ्या सिस्टर वाकडा टाका दिसला की काही न बोलता पुऱ्या ओळीचा दोरा ओढून काढायच्या आणि कापड परत हातात द्यायच्या. मी त्यांना घाबरायचे आणि आता रोज त्यांची आठवण काढते. तीस वर्षांत तंबूच्या शिवणीतून पाण्याचा थेंब आत आला नाही. आत आले ते फक्त नातेवाईक.

तंबू थोरल्याच्या दोन मुलांना. त्यांचे आईवडील त्यांना "कॅम्पिंगला" नेतात म्हणजे अशा जागी, जिथे तंबूत गालिचा असतो आणि सकाळी कुणीतरी टॉवेल बदलून जाते. नातवाने मला विचारले होते, "आजी, तुमच्या तंबूत चार्जिंग कुठे करायचे?" पोरांचा दोष नाही. एकदा तरी त्यांनी तो स्वतः उभारून बघावा. खुंट्या निळ्या पिशवीत आहेत.

४. नणंदेला तिची उशी. ती दर सहलीला स्वतःची उशी आणायची, आणि स्वतःचा आरसा, आणि कामाची वेळ झाली की स्वतःची डोकेदुखी. शेवटच्या सहलीत उशी आमच्याकडे राहिली. मी ती जपून ठेवली आहे. तिला वाळवी लागली असल्यास त्याला माझा इलाज नाही.

सूनबाईंना माझे शिलाईचे यंत्र. त्या ते बैठकीत ठेवून वर कुंडी ठेवतील हे मला माहीत आहे. निदान कुंडीखाली बशी ठेवावी.

बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांत निम्मे निम्मे. त्यावर मला आणखी एक शब्दही लिहायचा नाही.

५. घर. थोरल्या, आलास का इथपर्यंत? मग आता सावकाश वाच.

धाकटी अकरा वर्षांची होती. त्या हिवाळ्यात तिच्या खोलीचे, म्हणजे मागच्या खोलीचे, दार खाली जमिनीला घासायला लागले. ह्यांनी ते बिजागऱ्यांतून काढले आणि खालची कड तासायला घेतली. अर्धी कड तासून झाली आणि सुट्टी लागली. तळ्यावर जेवायला आमच्याकडे टेबल नव्हते. ह्यांनी दार उचलून गाडीच्या टपावर बांधले. तिकडे दगडांवर ठेवले, तर काय सांगावे, तसले टेबल अख्ख्या तळ्यावर कुणाकडे नव्हते. मुठीच्या भोकात पाण्याचा पेला बरोबर बसायचा. शेजारच्या तंबूतले लोक बघायला आले. आम्ही हसून हसून बेजार झालो. धाकटीसुद्धा हसली. पहिल्या वर्षी.

पुढच्या हिवाळ्यात दार परत बसायला हवे होते. त्या हिवाळ्यात ह्यांनी दाराला पाय बसवले. घडीचे, पितळी स्क्रूचे. ह्यांनी पूर्ण केलेले ते एकमेव काम.

मागच्या खोलीला मी पडदा शिवला. फार सुंदर शिवला, याचाच मला राग येतो.

"बाबा, माझं दार?"

"अगं, या हिवाळ्यात नक्की."

"मागच्या हिवाळ्यात पण नक्कीच होतं."

"दार कशाला हवं हिला?" थोरला म्हणायचा. त्याच्या खोलीला दार होते, कडी होती, आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलेली 'परवानगीशिवाय येऊ नये' अशी पाटी होती. "हिच्या खोलीत आहे काय चोरण्यासारखं?"

आणि मी? मी म्हणायचे, "एका कुटुंबात कसली गं दारं?" हे मी अशा आवाजात म्हणायचे की जणू त्यात काही मोठेपणा आहे. मी स्वतः वसतिगृहात चाळीस मुलींत एका पडद्याआड वाढले होते. मी त्यात वाढले, तर तिने का वाढू नये? इतका हलका हिशोब मी शाळेच्या कार्यालयातही कधी केला नाही.

ती पंधरा वर्षांची असताना थोरल्याने तिची वही खोलीतून उचलली. पडदा सारला की झाले. वही त्याने तळ्यावर नेली आणि रात्रीचे जेवण व्हायच्या आधी, सगळे टेबलाभोवती बसलेले असताना, मोठ्याने वाचली. काय वाचले ते इथे लिहिणार नाही. एकदा वाचले तेवढे पुरे झाले. आत्या डोळे पुसेपर्यंत हसली. हे मान खाली घालून हसले. मी "पुरे रे" म्हटले, पण हसत म्हटले.

धाकटी रडली नाही. तिने टेबलावरची ताटे एकेक करून उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली. सगळी. भोकातला पेला काढला. मग दोन्ही हात त्या दारावर ठेवून म्हणाली, "हे माझं आहे."

"मग ने की उचलून," थोरला म्हणाला.

तिने एक कड धरून ओढून पाहिले. दार एकटीला उचलेना. आम्ही चौघे बसलो होतो. कुणी उठले नाही.

नंतर ती तळ्यावर कधी आली नाही. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेली. वर्षातून दोनदा येते, पुढच्या खोलीत बसते, माझी औषधे तपासते, संध्याकाळच्या गाडीने जाते. "राहा की गं आज," म्हटले की म्हणते, "लॉज घेतलंय आई, पैसे भरलेत." आपल्याच गावात लॉज. मी इतकी वर्षे नातलगांना सांगत आले की धाकटी स्वभावानेच तुटक आहे. ते खोटे होते. ते मी इथे रद्द करते.

या हिवाळ्यात मी सुतारमिस्त्रींना बोलावले. ते दाराभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बाई, हे टेबल आहे."

"दार आहे."

"याला पाय आहेत."

"काढा."

त्यांनी ते काढले. तासलेल्या कडेला पट्टी लावून उंची भरून काढली, कारण अठ्ठावीस वर्षांत चौकट एकीकडे आणि दार दुसरीकडे झाले होते. वर गरम पातेल्याचा गोल डाग आहे, सुरीच्या रेघा आहेत. "घासून पॉलिश मारू?" त्यांनी विचारले. मी नको म्हटले. आम्ही काय केले ते त्यावर दिसत राहिलेले बरे. कडी मी स्वतः दुकानात जाऊन आणली. दोन दिवसांत काम झाले. दोन दिवसांचे काम होते ते.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. "दार बसवलं."

"कुठलं?"

"तुझं."

ती म्हणाली, "आई, मी एकोणचाळीस वर्षांची आहे."

"माहीत आहे."

मला वाटले ती आता फोन ठेवेल. मग तिने विचारले, "कडी आतून आहे का?"

"आतून."

"बरं," म्हणाली, आणि ठेवला. त्यानंतर ती अजून आलेली नाही. येईल की नाही मला ठाऊक नाही, आणि येण्यासाठी हे आमिष आहे असे तिने समजू नये.

सबब, माझे हे राहते घर, भिंती, फरश्यांच्या सात रांगा, पलंगाखालची आठवी, पेन्सिलीच्या खुणा आणि सर्व दारांसह, मी माझ्या धाकट्या मुलीला देते. एकटीला, पूर्ण मालकीने. कोणतीही अट नाही. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे किंवा पाडावे. फीत कुणाची लावायची ते ती ठरवेल. थोरल्याला यात हिस्सा नाही, आणि हे चुकून राहून गेलेले नाही.

६. थोरल्यासाठी एक काम मात्र ठेवते. तो माझा मुलगा आहे, मला तो आवडतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल एवढे लिहिले. धाकटीने घर विकले आणि मागच्या खोलीचे दार बरोबर न्यावेसे तिला वाटले, तर ते एकटीला उचलणार नाही. त्या वेळी थोरल्याने स्वतः यावे, काही न बोलता दुसरी कड धरावी, आणि ती सांगेल तिथपर्यंत नेऊन ठेवावे. मी असते तर मी धरली असती. तेव्हा बसले होते.

७. हे मृत्युपत्र धाकटीला वाचून दाखवायला कुणी गेले, आणि ती त्या खोलीत असली, तर आधी दार वाजवावे. ती "या" म्हणेपर्यंत बाहेर थांबावे. न म्हणाली तर परत जावे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्हीकडे नणंदेबद्दलचे विशेषण सौम्य केले आहे.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिले: सुतारमिस्त्री, ज्यांनी दार बसवले. सही.

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या निवृत्त परिचारिका, ज्या मला रोज रक्तदाबाची गोळी घेतली का असे विचारतात. सही.

दोघांनी मला सही करताना पाहिले, आणि मी त्यांना.

दिनांक: अठ्ठावीस जानेवारी, सकाळी साडेदहा.

ठिकाण: मागची खोली. दार आतून लावलेले होते. साक्षीदार वाजवून आत आले.